खुणेच्या वर

हरगोविंद कुशवाह शाळेची बस घेऊन आला तेव्हा खूश होता.
म्हणाला, मोहितेजी, ही गाडी तेल पीत नाही,
उलट देते.
दिवाळीपासून एक थेंब घातला नाही
आणि काडी बघा,
वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.

ट्रान्सपोर्ट नगरात जानेवारीचं धुकं.
समोरच्या ढाब्याची भट्टी दिसत नव्हती, नुसता वास येत होता.
मी काडी पुसली, घातली, पुन्हा काढली.
दोन बोटं वर.

इंजिनात काही आपोआप वाढत नाही.
तेल जळतं, गळतं, काळं पडतं, कमी होतं,
तो त्याचा धर्म.
वाढलं, तर समजायचं घरात कुणीतरी शिरलंय.

अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिलं.
चांगल्या तेलाला तार सुटते, पाकासारखी,
निदान एकतारी.
हे मनगटापर्यंत ओघळलं.
नाकाशी नेलं, पण माझ्या नाकाची साक्ष कोण धरणार,
एकतीस वर्षं ते डिझेलमध्येच बुडालंय;
बायको म्हणते, आमटी करपलेली तुम्हाला कळत नाही.
म्हणून कागद.

मुलीच्या प्रयोगवहीतला टीपकागद.
काडीच्या टोकाचा एक थेंब त्यावर सोडला
आणि चहा मागवला.
थेंबाला घाई करून चालत नाही.
आधी काजळाचा ठिपका,
मग राखाडी,
मग सगळ्यांत बाहेर, चहा संपता संपता,
एक फिकट पिवळं कडं,
उजेडात धरलं तर पलीकडचं बोट दिसेल असं.
डिझेल.

आणि मी हरगोविंदला झापलं.
सकाळी गाडी किती वेळ उभी चालू ठेवतोस?
अर्धा तास, म्हणाला,
थंडीत एकदा बंद पडली की उठत नाही.
मग काय होणार? गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही,
भिंतीवरून उतरतं, तेलात मिसळतं,
पातळ तेल बेअरिंगला धरत नाही,
एक दिवस मुरारच्या पुलावर चाळीस पोरं घेऊन बसशील...
मी बोलत गेलो, तो मान डोलवत गेला.
मफलरच्या आत त्याचं तोंड बंद होतं.

नुसत्या उभ्या गाडीने दोन बोटं चढत नाहीत.
हे मला बोलतानाही ठाऊक होतं.

चारही नोझल काढून टेस्टरवर लावले.
चौघांचा फवारा बाहेरच्या धुक्यासारखा,
एकही टपकला नाही.
मग पंप.
बोल्टांच्या डोक्यांवर पिवळा रंग,
आमच्या दुकानाची खूण.
लग्नसराईच्या गर्दीत खोलला होता, एका रात्रीत.
शाफ्टचं सील बाहेर काढलं.
ओठावर एक चीर, नखाएवढीही नाही,
बसवताना स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं की पडते तशी.

त्या दिवशी पोऱ्या सुट्टीवर होता.
मी फार आठवून पाहिलं
की तो सुट्टीवर नव्हता.

काय निघालं, हरगोविंदने विचारलं.
सील, मी म्हणालो.
बिलबुक काढलं, तेल लिहिलं, फिल्टर लिहिलं,
तिसऱ्या ओळीवर पेन अडलं.
दोन्ही ओळी खोडल्या.
माझ्याच हातची चूक. पैसे नकोत. मघाचं विसर.
त्याने मफलर खाली ओढला.
म्हणजे सकाळी चालू ठेवू ना, अर्धा तास?
पाच मिनिटं, मी म्हणालो.
दहा, तो म्हणाला.

रात्री जुनं तेल डब्यात ओतून ठेवलं,
टीपकागद बाकावरच राहिला.
सकाळी शटर उघडून पाहतो तर
काळा ठिपका होता तिथेच,
पिवळं कडं मात्र कागदाच्या काठापर्यंत गेलेलं,
आणि काठ संपल्यावर
लाकडात.